काविळीचे भाकीत

तान्ह्या बाळाच्या अंगावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळी झाक येते आणि बहुधा ती आपोआप ओसरते. मात्र क्वचित् हेच पित्तरंजक मेंदूत शिरते. मग बाळ दगावते, किंवा जन्मभर बहिरे वा पंगू राहते. मृत अर्भकाच्या मेंदूतील हा पिवळेपणा जर्मन शास्त्रज्ञ ऑर्थ यांनी १८७५ मध्येच नोंदविला होता. परंतु असे बाळ आधी ओळखावे कसे?

१९६९ मध्ये क्रेमर यांनी कावीळ डोक्याकडून पायांकडे पसरते, हे दाखविले. पण नुसती नजर फसते. पुढे १९९९ मध्ये फिलाडेल्फियाच्या डॉ. विनोद भूटानी व सहकाऱ्यांनी २,८४० निरोगी बाळांच्या रक्तातील बिलिरुबिन वयाच्या तासांनुसार आलेखावर मांडले. तेव्हा उमगले की, एकटा आकडा मुका असतो. शंभर मिलिलिटर रक्तरसात ८ मिलिग्रॅम हे प्रमाण चोविसाव्या तासाला धोक्याच्या रेषेवर असते. अठ्ठेचाळिसाव्या तासाला तेच कमी जोखमीचे ठरते.

बाळ-बाळंतीण लवकर घरी जातात आणि कावीळ वाढते ती घरी. म्हणून निघण्यापूर्वीच ही तपासणी हवी. पत्रिकेसाठी आपण जन्मवेळ जपून टिपतोच. या भाकितालाही तीच लागते. फरक इतकाच की, हे भाकीत वेळीच कळले तर टाळता येते.