दिवाळखोराच्या यादीतून उभं राहिलेलं घर

रेम्ब्राँने आम्सटरडॅममधलं हे घर १६३९ साली १३,००० गिल्डरला घेतलं. तेव्हा त्याचं नाव सगळीकडे गाजत होतं. पैसे हप्त्याहप्त्याने द्यायचे होते. हप्ते थकले, कर्ज वाढलं आणि १६५६ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. घेणेकऱ्यांसाठी घरातल्या सामानाची खोलीवार यादी झाली. तिच्यात ३६३ नोंदी आहेत. दोन वर्षांनी त्याला घर सोडावं लागलं.

हे घर १९११ साली संग्रहालय झालं. आज पाहुणा खोल्यांतून फिरतो, तेव्हा त्याला वाट दाखवते ती हीच जप्तीची यादी. कुठे काय होतं हे तिच्यावरूनच कळलं. मूळ वस्तू लिलावात गेल्या. आता मांडल्या आहेत त्या त्या काळातल्या तशाच वस्तू. वरच्या मजल्यावर उत्तरेकडच्या उजेडाचा स्टुडिओ आहे. शेजारच्या संग्रहाच्या खोलीत शिंपले, शस्त्रं आणि पुतळे आहेत. मी सर्वांत जास्त वेळ तिथेच रेंगाळलो.

कारण रेम्ब्राँपर्यंत आपल्याकडची चित्रंही पोचली होती. डच कंपनीच्या वखारी सुरतेला होत्या, आपल्या वेंगुर्ल्यालाही होती. अशाच व्यापारी जहाजांतून मुघल लघुचित्रं बहुधा हॉलंडला गेली. जहांगीर, शाहजहान, दरबारी, फकीर यांची त्याने केलेली वीसेक रेखाटनं आज उपलब्ध आहेत. एका रेखाटनात झाडाखाली चार वृद्ध बुजुर्ग बसले आहेत. ते सध्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दिवाळं निघालं त्याच वर्षी त्याने हजरत इब्राहिम आणि त्यांच्या घरी आलेल्या फरिश्त्यांचं एचिंग केलं. त्यातली जमिनीवरची बैठक या बुजुर्गांसारखीच आहे.

ही गोष्ट बायबलमध्ये आहे आणि कुरआनातही. यहुदी वस्तीत राहणाऱ्या एका ख्रिस्ती चित्रकाराने ती रंगवली, आणि पाहुण्यांना बसायची रीत घेतली ती हिंदुस्तानातल्या मुसलमान बुजुर्गांकडून.

आज मुघलांचं नाव निघालं की आपल्याकडे आधी भांडण सुरू होतं. अमुक कला कुणाची, तमुक वारसा कुणाचा, याच्या याद्या आपण रोज करतो. त्या अनाम मुघल चित्रकाराला आपलं काम कुठवर जाणार हे ठाऊक नव्हतं. ज्याच्या हाती ते पडलं, त्याने चित्रकाराचा धर्म विचारला नाही. बैठक आवडली, म्हणून घेतली. आपल्या मुलांना इतिहास शिकवताना ही गोष्टही सांगायला हवी.