दोन घड्याळांची चोरी

कॉर्नवॉलच्या जेम्स रूसने दोन घड्याळे चोरली. १७८२ साली त्यास फाशी ठोठावण्यात आली. पुढे तिच्याऐवजी सात वर्षांची हद्दपारी झाली. १७८८ साली कैद्यांच्या पहिल्या ताफ्यातून तो ऑस्ट्रेलियास पोचला. १७८९ साली मुदत संपल्याचे त्याने कळविले; पण त्याच्या शिक्षेचे कागदच गव्हर्नर फिलिपपाशी नव्हते! कागदांतच दिवस घालविणाऱ्या आम्हां कारकुनांस ही कोंडी पुरती उमगते. तरीही फिलिपने त्यास पॅरामाटा येथे जमीन कसावयास दिली. १७९१ साली ३० एकर रूसच्या नावे झाले. वसाहतीतले हे पहिले इनाम. ती भूमी मात्र बुरामाटागल या मूळ रहिवाशांची होती. त्यांस कोणी विचारले नाही. घड्याळे गेली ती चोरीच्या सदरी मांडली गेली. भूमी गेली ती इनामाच्या.