पायाखालचे भीमबेटका

गणपतीला पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की आपल्या भोपाळच्या मराठी घरांतला कार्यक्रम ठरलेला असतो. एक दिवस मोठा तलाव, एक दिवस सांची आणि गौरी-गणपतीची गडबड आटोपली की डबे बांधून भीमबेटका. पावसाने डोंगर हिरवेगार झालेले असतात. ओबेदुल्लागंज मागे पडले की गाडीतले कुणीतरी वडीलधारे वाकणकरांची गोष्ट सुरू करतात. १९५७ साली आगगाडीतून जाताना खिडकीतून त्यांना हे उंच खडक दिसले, परदेशातल्या चित्रगुहांची आठवण झाली, आणि ते उतरून थेट डोंगरात शिरले.

ही गोष्ट आम्हीही लहानपणापासून ऐकत आलो आणि पुढे मुलांना सांगत आलो. ती सांगताना अभिमानही वाटतो. विष्णु श्रीधर वाकणकर, म्हणजे सर्वांचे हरिभाऊ, १९१९ साली नीमचला जन्मले. आपल्यासारख्याच, माळव्याच्या मातीत रुजलेल्या मराठी घरातले. पण या गोष्टीत आम्ही एक चूक करत आलो. ती आम्ही खिडकीपाशीच संपवतो. खरे काम त्यानंतर सुरू झाले.

एकतर ही जागा अगदीच अज्ञात नव्हती. १८८८ सालीच तिची नोंद झाली होती, पण बौद्ध अवशेषांचे ठिकाण म्हणून. म्हणजे डोंगर दिसला होता, ओळखला गेला नव्हता. वाकणकरांनी तो ओळखला आणि मग वर्षानुवर्षे ते तिथे पायी फिरत राहिले. मुळात चित्रकार असल्यामुळे भिंतीवरच्या चित्रांच्या नकला त्यांनी स्वतः उतरवल्या. सात टेकड्यांवरच्या शैलाश्रयांना क्रमांक दिले. सातशेहून अधिक आश्रय, त्यांतले चारशेच्या वर चित्रांकित. उत्खननाची कुदळ मात्र पडली ती १९७१-७२च्या सुमारास, उज्जैनच्या विक्रम विद्यापीठातर्फे. पहिल्या दर्शनानंतर जवळजवळ पंधरा वर्षांनी! पाठोपाठ १९७३ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. वीरेंद्रनाथ मिश्र यांनी सलग काही हंगाम 'तीन एफ-२३' या आश्रयात उत्खनन केले. नाव अवघड वाटते, पण तो साधा पत्ता आहे : तिसरी टेकडी, तिच्यावरचा एफ गट आणि त्यातला तेविसावा आश्रय.

उत्खननाचा हंगाम म्हणजे पावसाळा सरल्यापासून उन्हाळा तापेपर्यंतचे दिवस. तिथे रोज काय चालते, हे आम्हाला बरीच वर्षे ठाऊक नव्हते. खजिना शोधतात तसे कुणी भराभर खणत नाही. आधी जमिनीवर खुंट्या ठोकून सुतळीने चौकोन आखतात. मग एकेका चौकोनातली माती काही बोटांइतक्याच जाडीने खरवडून काढायची. कुदळ कमी, खुरपी आणि ब्रश जास्त. घमेल्यातली माती फेकायची नाही, चाळणीतून गाळायची. दगडाचा तुकडा हाती लागला की तो कुठल्या चौकोनात, किती खोलीवर मिळाला ते वहीत टिपायचे, मगच तो पिशवीत घालायचा. चराच्या उभ्या कडेवर मातीचा रंग बदलला की तिथे थर बदलला, असे समजून रेघ मारायची, चित्र काढायचे, फोटो घ्यायचा. दिवस मावळल्यावर दिवसभराचे तुकडे धुऊन, वाळवून प्रत्येकावर बारीक अक्षरात क्रमांक घालायचा. क्रमांक नसलेला दगड कितीही सुंदर असला तरी तो नुसता दगडच, कारण तो कुठल्या काळातला हे सांगणारी साक्ष हरवलेली असते.

या संथ कामातून जे बाहेर आले ते भिंतीवरच्या चित्रांहून कमी नाही. तीन एफ-२३ मध्ये जवळजवळ चार मीटर जाडीचे थर मिळाले. वरच्या थरांत मध्याश्मयुगातली सूक्ष्म हत्यारे : चर्ट आणि कॅल्सिडोनीची, नखाएवढी, लाकडाच्या किंवा हाडाच्या दांड्यात बसवण्याजोगी. त्याखाली आणखी जुन्या अश्मयुगाचे थर आणि तळाकडे अश्युलियन काळातली क्वार्टझाइटची हातकुऱ्हाड, रुंद धारेची फरशी, तासण्या. हे तळचे थर एक लाख वर्षांहून जुने मानले जातात. सर्वांत आश्चर्याची गोष्ट म्हणजे त्या काळातल्या माणसांनी सपाट दगड मांडून केलेली जमीन तिथे सापडली. अंगणात फरसबंदी करावी तशी! म्हणजे ते लोक पावसाच्या सरीपुरते आडोशाला थांबले नव्हते. तिथे त्यांचा संसार होता, आणि पिढ्या बदलल्या, हत्यारे बदलली, तरी तो आश्रय वसता राहिला.

चित्रे पाहून हे कधीच कळले नसते. भिंतीवरचा हरिण आणि नाचणारी माणसे सुंदर दिसतात, पण त्यांच्या खाली बसून कोण काय घडवत होते, ते जमिनीनेच सांगितले.

नुसत्या पाहण्यावर विसंबले की काय होते, याचे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. २०२१ साली इथल्या मोठ्या सभागृह-गुहेच्या छताशी कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या 'डिकिन्सोनिया' या जीवाचा ठसा दिसल्याची बातमी जगभर गाजली. आम्हीही ती मोठ्या कौतुकाने एकमेकांना पाठवली होती. पुढे दुसरे संशोधक पुन्हा तिथे गेले तेव्हा तो 'ठसा' झिजून सुटू लागलेला दिसला, आणि २०२३ साली स्पष्ट झाले की ते मधमाश्यांचे जुने पोळे होते. ज्यांनी मूळ दावा केला होता त्यांनीही ते मान्य केले. यात कुणाची नामुष्की नाही. पुन्हा जाऊन पाहणे, हीच तर या विद्येची रीत.

२००३ साली युनेस्कोने भीमबेटका जागतिक वारसा यादीत घेतले. आता पायवाटा आहेत, कठडे आहेत, पाट्या आहेत. पूर्वी आम्ही याच खडकांवर चढून डबे उघडले आहेत आणि चित्रांवर बोटेही फिरवली आहेत. त्याची आज लाज वाटते. अज्ञानाने झाले, पण झाले खरे.

म्हणून यंदा पाहुण्यांना घेऊन जाल तेव्हा वाकणकरांची गोष्ट जरूर सांगा, पण ती खिडकीपाशी थांबवू नका. पंधरा वर्षांची पायपीट सांगा, सुतळीचे चौकोन सांगा, घमेली उचलणारे आणि माती चाळणारे हात सांगा. त्या मजुरांची नावे पाट्यांवर नाहीत. आणि मुलांना भिंतीकडे बोट दाखवून झाले की क्षणभर पायाखालची जमीनही दाखवा.

एक विनंती. सत्तरच्या दशकात आपल्यापैकी कुणाच्या आई-वडिलांनी, काका-मामांनी तिथले काम पाहिले असेल, एखादा फोटो किंवा पत्र कपाटात पडून असेल, तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. मागे तारीख आणि जागा लिहून ठेवा. बिनक्रमांकाच्या दगडाचे काय होते, ते आपण आताच पाहिले.