मुडदा आमचा, नायक त्यांचा : हिंदी थ्रिलरमधला जातीचा इतिहास

वस्तीतल्या विहारात आम्ही अधूनमधून मुलामुलींना चित्रपट दाखवतो आणि नंतर तासभर चर्चा करतो. 'आर्टिकल १५' दाखवला त्या दिवशी विहार भरला होता. चित्रपट संपल्यावर टाळ्या झाल्या. बारावीतला एक मुलगा उठून म्हणाला, "दादा, आपल्या तालुक्याला असा एक साहेब आला पाहिजे." सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "पण साहेबाची बदली झाली की गौराचं काय?"

विहारात शांतता पसरली. हा लेख त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी आहे.

सामाजिक-राजकीय संघर्षावरचे हिंदी थ्रिलर आम्ही आवडीने पाहतो. त्यात पोलीस ठाणं असतं, ठेकेदार असतो, आमदार असतो, जात असते. जे आपण रोज भोगतो ते पडद्यावर दिसतं, म्हणून बरं वाटतं. पण गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांतले हे चित्रपट एका ओळीत ठेवून पाहिले, तर एक गोष्ट नजरेत भरते. मरणारा आपला असतो. मारणारा कधी त्यांचा, कधी आपल्यातलाच फोडलेला असतो. पण सत्य शोधणारा आणि न्याय देणारा मात्र बहुतेक वेळा सवर्ण असतो. हे योगायोगाने होतं का? आमचं म्हणणं आहे, नाही. यामागे एक इतिहास आहे.

सुरुवात १९८० च्या 'आक्रोश'पासून करू. दिग्दर्शक गोविंद निहलानी, लेखक विजय तेंडुलकर. लहान्या भिकू या आदिवासी मजुरावर स्वतःच्या बायकोच्या, नागीच्या खुनाचा आरोप आहे. त्याचा वकील आहे भास्कर कुलकर्णी. भिकू जवळजवळ सबंध चित्रपटभर एक शब्द बोलत नाही. वकील धडपडतो आणि हळूहळू सत्य उलगडतं, की नागीवर गावातल्या प्रतिष्ठितांनीच बलात्कार केला होता. ओम पुरी आणि स्मिता पाटील यांचं काम विसरता येत नाही. सरकारी वकील दुसाने स्वतः आदिवासी आहे. एवढ्या हुद्द्यावर पोहोचूनही त्याला फोनवर जातीवरून शिव्या ऐकाव्या लागतात. हे दाखवणारा चित्रपट प्रामाणिक होता, हे आम्ही मान्य करतो.

पण त्या काळातला महाराष्ट्र आठवा. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली होती. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलितांची घरं जाळली गेली. पोचीराम कांबळेंसारखी माणसं मारली गेली. १९७९ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च निघाला. म्हणजे शोषित माणूस रस्त्यावर उतरून घसा फुटेपर्यंत बोलत होता, आणि त्याच वर्षांत समांतर सिनेमाने आपल्याला जो शोषित दिला तो मुका होता. भिकूचं मौन हा व्यवस्थेवरचा आरोप आहे, हे आम्हाला कळतं. पण तो मुका असल्यामुळे त्याच्या वतीने कुलकर्णी बोलतो, हेही खरं आहे. हिंदी थ्रिलरचा साचा इथे तयार झाला.

दुसरा टप्पा मंडलनंतरचा. ७ ऑगस्ट १९९० रोजी व्ही. पी. सिंग यांनी मंडल आयोगाची शिफारस लागू करण्याची घोषणा केली. उत्तर भारतात मागासवर्गीयांचं राजकारण सत्तेत आलं. आणि हिंदी थ्रिलरचा खलनायक बदलला. जमीनदार ठाकूर मागे पडला आणि 'गुंड नेता' पुढे आला. त्याचं आडनाव काय, तर यादव. १९९९ च्या 'शूल'मध्ये बच्चू यादव आणि समोर प्रामाणिक पोलीस अधिकारी समर प्रताप सिंग. २००३ च्या 'गंगाजल'मध्ये साधू यादव आणि त्याचा मुलगा सुंदर यादव. लालूप्रसादांच्या मेहुण्याचं नावही साधू यादव, त्यामुळे त्यांच्या समर्थकांनी तेव्हा निदर्शनं केली होती.

बिहारात गुंडगिरी नव्हती असं आम्ही म्हणत नाही. पण त्याच बिहारात ११ जुलै १९९६ रोजी बथानी टोला इथे २१ जणांची कत्तल झाली आणि १ डिसेंबर १९९७ च्या रात्री लक्ष्मणपूर बाथे इथे ५८ जणांची. कत्तल करणारी होती रणवीर सेना, उच्चजातीय जमीनदारांची खाजगी फौज. मरणारे भूमिहीन मजूर, बहुतेक दलित, त्यात बायका आणि लहान मुलंसुद्धा. बाथेनंतर दोन वर्षांनी 'शूल' आला. बिहारच्या हिंसेवर चित्रपट काढायचा तर विषय समोर पडला होता. पण पडद्यावर आला बच्चू यादव. पुढे कनिष्ठ न्यायालयांनी दोषी ठरवलेल्या आरोपींना पाटणा उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बथानी टोला प्रकरणात आणि २०१३ मध्ये बाथे प्रकरणात निर्दोष सोडलं. अठ्ठावन्न माणसं मेली, पण मारणारा कुणीच नाही. यापेक्षा मोठा थ्रिलर कुठला असू शकतो?

'गंगाजल'ची दुसरी बाजूही पाहा. हा चित्रपट १९८० च्या सुमारास भागलपूरला पोलिसांनी कैद्यांचे डोळे फोडून त्यात अ‍ॅसिड ओतलं, त्या घटनांवर उभा आहे. नायक अधिकारी या प्रकाराशी सहमत नाही, हे खरं. पण थिएटरातला प्रेक्षक त्याच दृश्यावर शिट्ट्या मारत होता. पोलिसांच्या हातात कायद्याबाहेरची सत्ता गेली की ती आधी कुणाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचते, हे वस्तीत राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

आता २०१९ च्या 'आर्टिकल १५'कडे येऊ. दिग्दर्शक अनुभव सिन्हा. आयपीएस अधिकारी अयान रंजन उत्तर प्रदेशातल्या लालगावला रुजू होतो. तीन दलित मुली बेपत्ता आहेत. त्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांनी मजुरीत तीन रुपये वाढ मागितली. दोघींचे मृतदेह झाडाला लटकलेले सापडतात. तिसरीचा, पूजाचा शोध सुरू होतो. झाडाला लटकलेल्या मुलींचं दृश्य २०१४ च्या बदायूंची आठवण देतं. तिथल्या मुली ओबीसी समाजातल्या होत्या आणि सीबीआयने ती आत्महत्या ठरवली होती. मारहाणीचं दृश्य २०१६ च्या उनाचं. गटारात उतरणारा सफाई कामगारही चित्रपटात आहे. व्यावसायिक हिंदी सिनेमात जातीचं नाव एवढं उघड घेतलं गेलं, हे मोठं काम आहे. त्यावेळी ब्राह्मण संघटनांनी चित्रपटाला विरोध केला, म्हणजे बाण कुठेतरी लागला होता.

पण याच चित्रपटात निषाद नावाचा एक तरुण दलित नेता आहे. भीम आर्मीच्या चंद्रशेखर आझाद यांची छाप त्याच्यावर स्पष्ट दिसते. चित्रपट निषादचं काय करतो? मारून टाकतो. मग मैदान साहेबासाठी मोकळं होतं. आता खऱ्या आयुष्यात काय झालं ते पाहा. चंद्रशेखर आझाद यांच्यावर रासुका लागला, ते तुरुंगात राहिले, २०१८ मध्ये सुटले आणि २०२४ मध्ये नगीना मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. त्यांच्या राजकारणाबद्दल चळवळीत मतभेद असतील, आमचेही आहेत. पण चित्रपटाला ज्या नेत्याच्या जगण्याची कल्पना करता आली नाही, त्याला लोकांनी संसदेत पाठवलं.

अयान रंजन पोलीस ठाण्याच्या नोटीस बोर्डावर कलम १५ चा कागद लावतो, त्या दृश्याला विहारात सर्वात जास्त टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्या मुलांना आम्ही विचारलं, हे कलम आलं कुठून? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं महाडच्या चवदार तळ्यावर चालत गेली, पाणी प्याली आणि त्याबद्दल मार खाऊन परतली. कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा जो उल्लेख आहे, त्यामागे महाडचा रस्ता आहे. ते कलम कुणा साहेबाने आपल्याला भेट दिलेलं नाही. ते आपल्या आजोबा-पणजोबांच्या पायांनी लिहिलं गेलं आहे.

आणि तारखेचा योग पाहा. बरोबर २० मार्चलाच, २०१८ साली, सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची धार बोथट करणारा निकाल दिला. अटकेआधी मंजुरी, गुन्ह्याआधी चौकशी. २ एप्रिलला भारत बंद झाला, अनेकांचे जीव गेले. ऑगस्टमध्ये संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला. 'आर्टिकल १५' त्यानंतर दहा महिन्यांनी प्रदर्शित झाला. कायदा वाचवला तो रस्त्यावरच्या नाव नसलेल्या माणसांनी. चित्रपटात मात्र कायदा वाचवतो तो एकटा अधिकारी.

आम्हाला वाटतं, दोष एकट्या दिग्दर्शकाचा नाही. थ्रिलर या प्रकाराचाच तो स्वभाव आहे. थ्रिलर विचारतो, 'खून कुणी केला?' म्हणून त्याला शोधणारा लागतो, आणि तो बाहेरून आलेला असला तर जास्त बरं. पण जातीय अत्याचारात हा प्रश्न बहुतेक वेळा नसतोच. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातले चौघे मारले गेले, तेव्हा कुणी मारलं हे गावाला माहीत होतं. गूढ काहीच नव्हतं. प्रश्न वेगळा होता. माहीत असून कुणी का बोलत नाही? फिर्यादीत कलमं कोण गाळतं? महाराष्ट्रभर लोक रस्त्यावर उतरले तेव्हा तपास सीबीआयकडे गेला. आरोपींना शिक्षा झाल्या, पण अ‍ॅट्रॉसिटीचं कलम सत्र न्यायालयातही टिकलं नाही आणि उच्च न्यायालयातही नाही. भैयालाल भोतमांगे २०१७ मध्ये गेले. जात हेच कारण होतं, हे न्यायालयाच्या तोंडून ऐकायला मिळालं नाही.

हा थरार कॅमेऱ्यात पकडायला अवघड आहे, कारण तो कागदावर घडतो. एका कुटुंबाबरोबर आम्ही एका ठाण्यात रात्री नऊला गेलो आणि पहाटे बाहेर पडलो. आधी एनसी घेऊ म्हणाले. मग जातीचा दाखला आणा म्हणाले. मग समोरच्यांनी चोरीची क्रॉस केस टाकली. शेवटी फिर्याद नोंदली गेली ती कुणी शूर साहेब आला म्हणून नाही. कुटुंबातल्या बाईला नियम पाठ होता म्हणून. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा, आणि कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकावर कलम ४ खाली गुन्हा होऊ शकतो, एवढं तिने शांतपणे सांगितलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आम्ही तेव्हा ऐकला.

काही मित्र म्हणतील, सवर्ण प्रेक्षकाला जात दाखवायची तर सवर्ण नायक लागतोच. हा युक्तिवाद आम्ही उडवून लावत नाही. अयानच्या डोळ्यांतून पाहताना काही सवर्ण तरुणांना पहिल्यांदा लाज वाटली असेल. पण लाज वाटणं त्यांच्या कामाचं आहे. आपल्या मुलांना त्यातून काय मिळतं? वाट पाहायची सवय.

वेगळ्या वाटा दिसू लागल्या आहेत. पा. रंजित यांच्या 'काला'त धारावीचा माणूस स्वतःच नायक आहे. तमिळमधून हिंदीत आलेल्या 'जय भीम'मध्ये वकील बाहेरचा आहे, पण लढा सेंगेणीचा आहे. गरोदर असताना ती पोलिसांनी देऊ केलेले पैसे नाकारते. 'दहाड' मालिकेत तपास करणारी अंजली भाटी स्वतः दलित आहे. दुसरीकडे 'संतोष'सारखा चित्रपट, ज्यात एक महिला कॉन्स्टेबल दलित मुलीच्या खुनाच्या तपासात पोलीस खात्याचाच चेहरा पाहते, तो जगभर दाखवला गेला, पण इथे सेन्सॉरमध्ये अडकला. व्यवस्था सुधारणारा साहेब चालतो, व्यवस्थाच दोषी दाखवली की चालत नाही. यातून काय ते समजा.

म्हणून तरुण मित्रांनो, चित्रपट जरूर पाहा. चर्चेत मात्र तीन प्रश्न विचारा. यात मेलेला कोण? बोलणारा कोण? आणि शेवटी जिवंत राहतं कोण? नंतर घरी जाऊन अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलम १५-अ वाचा. पीडित आणि साक्षीदारांचे हक्क तिथे लिहिले आहेत.

मागच्या रांगेतल्या त्या मुलीला आम्ही त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नव्हतो. आता देतो. साहेबाची बदली होणारच. म्हणून गौराने साहेबाची वाट न पाहता तो कागद स्वतः वाचायला शिकायचं, चार बायका बरोबर घ्यायच्या आणि ठाण्याची पायरी चढायची. पुढच्या महिन्यात विहारात चित्रपट नाही. फिर्याद कशी लिहायची, त्याचा वर्ग आहे. ती मुलगी पहिल्या रांगेत बसणार आहे.

जय भीम.