उशिरा आलेला खेळ : वाशीम जिल्ह्यातील व्हिडिओ गेमच्या इतिहासलेखनाचा एक प्रश्न

जुने व्हिडिओ गेम प्रकाशनानंतर अनेक वर्षांनी खेळणे ही जपान वा अमेरिकेतील प्रौढांच्या दृष्टीने प्रामुख्याने स्मरणरंजनाची बाब होय. वाशीमसारख्या जिल्ह्यात मात्र या खेळांचा बहुतेकांना प्रथम परिचयच प्रकाशनानंतर कित्येक वर्षांनी झाला. त्यामुळे येथील इतिहास खेळाच्या निर्मितीवर्षापासून न लिहिता तो लोकांच्या हाती आला त्या काळापासून लिहावा लागेल, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

निन्टेंडो कंपनीने 'फॅमिकॉम' हे यंत्र जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी विक्रीस आणले. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ १९८५ सालचा, तर 'काँट्रा'ची घरगुती आवृत्ती १९८८ सालची. वऱ्हाडातील बाजारपेठांत आली ती प्रामुख्याने या यंत्राची स्वस्त, अनधिकृत प्रतिरूपे. लोक त्यांना सरसकट 'टीव्ही गेम' म्हणत आणि खेळाच्या डबीला 'कॅसेट'. कॅसेटवर हजारो-लाखो खेळांचा आकडा छापलेला असे. प्रत्यक्षात मोजकेच खेळ नावे बदलून पुनःपुन्हा समोर येत. परिणामी खेळाचा कर्ता, निर्मितीवर्ष, पुष्कळदा मूळ नावही खेळणाऱ्यापर्यंत पोहोचले नाही. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला, त्या सुमारास प्रस्तुत लेखकाने मारिओ प्रथम पाहिला. तेरा वर्षांपूर्वीचा तो खेळ त्यास नुकताच निघालेला वाटला होता!

खेळाच्या स्वरूपावर स्थानिक परिस्थितीचाही परिणाम झाला. 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये झालेली प्रगती साठवून ठेवण्याची सोय नाही. वीज गेली की खेळ पुन्हा पहिल्या टप्प्यापासून. विदर्भातील भारनियमनाच्या वर्षांत याचा अर्थ काय होता, हे येथील वाचकांस सांगणे नलगे. पहिला टप्पा तोंडपाठ आणि शेवटचा कधीच न पाहिलेला, अशी अनेकांची अवस्था होती. निर्मात्यांच्या मनातला खेळ आणि येथे खेळला गेलेला खेळ हे या अर्थाने भिन्न होत.

आज हेच खेळ संगणकावर वा मोबाईलवर पुन्हा खेळता येतात. परंतु त्यास मूळ अनुभवाची पुनरावृत्ती मानणे धाडसाचे ठरेल. 'डक हंट'चे उदाहरण बोलके आहे. बंदुकीचा चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होऊन लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटे व बंदुकीतील संवेदक तो प्रकाश टिपत असे. ही क्रिया जुन्या काचनळीच्या दूरदर्शन संचाच्या गतीवर अवलंबून होती. आजच्या सपाट पडद्यावर चित्र किंचित उशिरा उमटते, म्हणून जुनी बंदूक तेथे निरुपयोगी ठरते. खेळ उपलब्ध आहे, पण तो संच भंगारात गेला आहे.

वाशीमचा इतिहास म्हटला की वत्सगुल्म आणि वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट आठवतो. तांबे शतकानुशतके टिकले. प्लॅस्टिकची कॅसेट पंचवीस वर्षांतच दुर्मिळ झाली. तिची अनधिकृतता हे तिच्याकडे दुर्लक्ष करण्याचे कारण होऊ शकत नाही, कारण येथे प्रत्यक्ष काय खेळले गेले याचा भौतिक पुरावा तोच आहे. उर्वरित पुरावा स्मृतींत आहे. यंत्र ताशी भाड्याने मिळे काय व किती दराने, दुकानदार कॅसेटी कोठून आणत, मुलींच्या हाती रिमोट कितपत येई, या प्रश्नांची उत्तरे देऊ शकणारी माणसे आज चाळिशीच्या आसपास असून वाशीम, कारंजा, रिसोड येथेच राहतात. या मुलाखती इतिहास विभागातील विद्यार्थ्यांकडून एका शैक्षणिक वर्षात सहज नोंदवून घेता येतील.