प्रसूतिसेवेतील सुप्त पूर्वग्रह आणि सक्तीचे प्रशिक्षण : अमेरिकेतील एका कायद्याची ऐतिहासिक पार्श्वभूमी

प्रस्तावना

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये गर्भावस्था व प्रसूतीतील प्रतिष्ठेविषयीचा कायदा संमत केला. त्यामुळे रुग्णालये व प्रसूतिकेंद्रांतील गर्भवतींची सेवा करणाऱ्या डॉक्टर, परिचारिका आदींना सुप्त पूर्वग्रहाविषयी प्रशिक्षण घेणे बंधनकारक झाले. सुप्त पूर्वग्रह म्हणजे मनात उघड द्वेष नसतानाही वर्ण वा वर्ग पाहून नकळत बनणारे मत. अँथनी ग्रीनवाल्ड व महजरीन बनाजी या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये ही संकल्पना मांडली. तथापि, प्रसूतिसेवेत प्रशिक्षणाची गरज नेमकी कोणाला आहे, हे अमेरिकेतील शासनव्यवस्थेने ठरविण्याची ही पहिलीच वेळ नव्हती.

सुईणींचे नियंत्रण

विसाव्या शतकाच्या प्रारंभी दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय स्त्रियांची बाळंतपणे प्रामुख्याने त्यांच्याच समाजातील सुईणी करीत. १९२१ च्या शेपर्ड-टाउनर कायद्याने माता-बालक आरोग्यासाठी राज्यांना संघराज्याचा निधी मिळाला आणि सुईणींची नोंदणी, प्रशिक्षणवर्ग व तपासणी यांना वेग आला. आरोग्य खात्याच्या परिचारिका सुईणीची पिशवी उघडून पाहत. नियमभंग झाल्यास परवाना जाई. स्वच्छतेचे शिक्षण उपयुक्तच होते. परंतु मातामृत्यूचे खापर सुईणींच्या अज्ञानावर फोडले गेले. दारिद्र्य आणि वर्णभेद पाळणारी रुग्णालये या कारणांकडे दुर्लक्ष झाले. पुढे बाळंतपण रुग्णालयात गेले. अलाबामा राज्याने तर १९७६ मध्ये कायदा करून पारंपरिक सुईणींचा व्यवसायच संपुष्टात आणला.

रुग्णालयातील दरी

सुईण गेली तरी विषमता गेली नाही. कॅलिफोर्नियात २००६ पासून रक्तस्राव, उच्च रक्तदाब इत्यादी गुंतागुंतींसाठी उपचारपद्धती निश्चित करण्याचे प्रयत्न झाले आणि २०१३ पर्यंत राज्याचा मातामृत्यू दर निम्म्याहून अधिक घटला. मात्र कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय मातांमधील अंतर कायम राहिले. गर्भवतींमध्ये कृष्णवर्णीय ५ टक्के, तर गर्भावस्थेशी निगडित मृत्यूंमध्ये २१ टक्के, अशी नोंद २०१९ च्या कायद्यातच आहे. देशपातळीवर २०२३ मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांचे मृत्यू ५०.३, तर श्वेतवर्णीय मातांचे १४.५ होते.

केवळ दारिद्र्याने या अंतराचा उलगडा होत नाही. प्रख्यात टेनिसपटू सेरेना विल्यम्स यांना २०१७ मधील प्रसूतीनंतर फुप्फुसात रक्ताची गुठळी झाल्याची शंका आली, तेव्हा तपासणीसाठी आग्रह धरावा लागला. २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांना आढळले, की पाहणीतील सुमारे निम्मे श्वेतवर्णीय वैद्यकीय विद्यार्थी व निवासी डॉक्टर कृष्णवर्णीयांच्या शरीराविषयी किमान एक तरी चुकीची समजूत बाळगून होते. कातडी जाड असते, ही त्यांपैकीच एक.

कायद्याची अंमलबजावणी

२०१९ च्या कायद्याने दर दोन वर्षांनी उजळणी सांगितली, पण पालन न करणाऱ्या संस्थांना दंड ठेवला नाही. २०२१ मध्ये राज्याच्या अॅटर्नी जनरल कार्यालयाने विचारणा केली, तेव्हा एक पंचमांशाहून कमी संस्थांनी प्रशिक्षण सुरू केले होते. विचारणेनंतर मात्र बहुसंख्य कर्मचाऱ्यांनी ते पूर्ण केले. अखेरीस २०२४ च्या दुरुस्तीने आर्थिक दंडाची तरतूद केली. दुसरीकडे, प्रशिक्षणाच्या परिणामकारकतेविषयीही प्रश्न आहेत. सुप्त पूर्वग्रह कमी करणाऱ्या नऊ उपायांचा प्रभाव काही तासांत वा दिवसांत ओसरतो, असे २०१६ मधील एका व्यापक अभ्यासात दिसून आले.

निष्कर्ष

शतकापूर्वी कृष्णवर्णीय सुईण अज्ञानी ठरली. आज तिची जागा घेणारे रुग्णालय शिक्षणास पात्र ठरले, हा बदल लक्षणीय आहे. परंतु सुईणीची चूक तिच्या उपजीविकेवर बेतत असे. रुग्णालयांना पहिली पाच वर्षे कसलाही दंड नव्हता. दोन्ही वेळी दोष व्यक्तीत शोधला गेला, हे साम्यही नजरेआड करता येत नाही. मातेची तक्रार ऐकली गेली का आणि मृत्यूंतील अंतर घटले का, याचा हिशेब संस्थेकडे मागितला जात नाही, तोवर प्रशिक्षण हे केवळ प्रमाणपत्र ठरण्याचा धोका आहे.