बुडालेला दुकानदार आणि राज्याचं देणं

निवडणूक आली की उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं चाळणं हे माझं ठरलेलं काम. लोकांची नजर मालमत्तेवर असते. मी आधी 'देणी'चा रकाना बघतो. तो बघताना मला नेहमी एक दुकानदार आठवतो.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातलं न्यू सेलम, छोटंसं गाव. 1832 मध्ये तिथला तेवीस वर्षांचा अब्राहम लिंकन विधानसभेला उभा राहिला आणि पडला. 13 उमेदवारांत आठवा. पण गावातली 300 पैकी 277 मतं त्याला! मग विल्यम बेरीसोबत भागीदारीत दुकान घेतलं, तेही उधारीवर. दुकान बुडालं. 1835 मध्ये बेरी वारला आणि सुमारे 1,100 डॉलरचं देणं एकट्या लिंकनच्या डोक्यावर आलं. घोडा, जमीन मोजणीची साधनं लिलावात गेली. एका मित्राने ती घेऊन त्याला परत दिली. गाव सोडून पळता आलं असतं. तो पळाला नाही. कित्येक वर्षं फेडत राहिला.

दरम्यान 1834 मध्ये तो आमदार झाला होता. राजधानीत जायला धड कपडे नव्हते, म्हणून 200 डॉलर उसने घेतले. पुढे सलग चार वेळा निवडून आला.

आता खरी गोष्ट. 1837 मध्ये विधानसभेने रेल्वे, नद्या, रस्ते यांसाठी सुमारे एक कोटी डॉलरची योजना मंजूर केली, कर्ज काढून. ज्या जिल्ह्यांच्या वाट्याला रेल्वे-कालवा आला नाही, त्यांना 2 लाख डॉलर वाटून द्यायचं ठरलं. ओळखीचं वाटतंय ना? लिंकन या योजनेचा खंदा समर्थक. त्याच वर्षी मंदी आली. कामं अर्धवट पडली, काही वर्षांत राज्याला व्याज देणंही जमेना. कर्ज फिटायला दशकं गेली.

याच लिंकनने त्याच वर्षी, गुलामगिरी अन्यायावर उभी आहे असं निवेदन सभागृहात नोंदवलं. सोबत सही करणारा एकच आमदार. म्हणजे माणूस खोटा नव्हता, भित्राही नव्हता. तरी राज्य कर्जात बुडालं.

म्हणून सांगतो, उमेदवार प्रामाणिक आहे का, हे बघाच. पण तो नव्या प्रकल्पाचा नारळ फोडायला आला की आणखी एक विचारा: साहेब, पैसे कुठून आणणार, आणि फेडणार कोण?